ज्या कोचला आपल्याच क्लबने काढलं, तो समोरच्या टीमकडे गेला तर चिडायचं का?

फातोर्डा_ईस्ट
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारतो. मी सावंतवाडीचा, टीम एफसी गोवा. मुंबई आमच्यापासून एका रात्रीच्या गाडीवर आणि मडगाव हाकेवर, त्यामुळे आमच्या पट्ट्यात टीम निवडायचा प्रश्नच येत नाही, लहानपणापासून गाड्या तिकडेच जातात.

आता मुद्दा. सर्जिओ लोबेरा २०१७ मध्ये आपला कोच म्हणून आला आणि त्याने आपल्याला जे फुटबॉल दाखवलं ते मी तरी आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) त्याआधी पाहिलं नव्हतं. आपल्या कोरोने लागोपाठ दोन सीझन सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट नेला, २०१९ ला फायनल गाठली, सुपर कप जिंकला. आणि ३१ जानेवारी २०२० ला, टीम टेबलात टॉपला असताना, लीगच्या फक्त तीन मॅच उरलेल्या असताना क्लबने त्याला काढला. त्याच्या जागी आलेल्या क्लिफर्ड मिरांडाने त्या तिन्ही मॅच काढून दिल्या, जमशेदपूरला ५-० धुतलं, टेबलात टॉपला राहिल्याची शील्ड आली, एएफसी चॅम्पियन्स लीगच्या (आशियातल्या क्लबांची स्पर्धा) ग्रुप स्टेजला जाणारा भारतातला पहिला क्लब झालो. पण ज्याने ते सगळं उभं केलं तो माणूस तेव्हा तिथे नव्हता.

मग तोच लोबेरा त्याच वर्षी मुंबई सिटीला गेला आणि आपल्याकडच्या लोकांनी त्याला असलं काय काय बोललं की विचारू नका. गद्दार, पैशाचा माणूस, वगैरे. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. काढलं आपण, मग त्याने जायचं कुठे हेही आपणच ठरवणार?

उलट आपला नंतरचा कोच हुआन फेरांडो. तो स्वतः गेला, डिसेंबर २०२१ मध्ये, भर सीझनमध्ये, रिलीज क्लॉजची (करार मोडायची ठरलेली) रक्कम भरून एटीके मोहन बागानला. त्याच्यावर मात्र लोक एवढे चिडलेले मला दिसले नाहीत. हे उलटं नाही का? तुमचा अनुभव काय, कुठल्याही क्लबचा सांगा.

चाकरमानी_डोंबिवली
घ्या, आला का विषय. मी कणकवलीजवळचा, पण पोटापाण्यासाठी डोंबिवलीत, टीम मुंबई सिटी. गणपतीला गावी आलो की अजूनही मला ऐकवतात "तुम्ही आमचा कोच चोरला". अरे बाबांनो, तुम्ही त्याला दारातून बाहेर काढलात, तो काही महिने मोकळा होता, मग आम्ही बोलावला, यात चोरी कुठली? आणि तो आल्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, शील्ड पण आमची आणि फायनलचा कप पण आमचा. फायनल कुठे झाली आठवतंय ना, तुमच्या मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवरच, बिपिनने ९० व्या मिनिटाला मारलेला गोल, २-१. माझ्या शेजारच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत आले होते माझा आवाज ऐकून.

बांद्याचो_बाबू
चाकरमान्या, फायनलचा सांगतस, सेमीफायनलचा सांग मरे. आमका पेनल्टीत ६-५ नी हरवलास तेव्हा तुझ्या टीमीत अर्धे आमचेच हुते. कोच आमचो, जाहू आमचो, फॉल आमचो, बुमूस आमचो, आणि मंदार तर गोंयचोच. कोच गेलो हेचो माका राग नाय. जाताना सगळो मधलो कणो घेवन गेलो हेचो राग.

चाकरमानी_डोंबिवली
बाबू, हे मात्र खरं, ते नाकारत नाही. पण खेळाडूंनाही तोंड आहे, सह्या त्यांच्या त्यांनी केल्या.

सुरंगी
वेंगुर्ला, लिव्हरपूल. आयएसएल मी तुकड्यातुकड्यातच बघते, पण धाग्याचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचा मॅनेजर क्लॉपने जायचं जाहीर केलं तो दिवस २६ जानेवारी २०२४. सुट्टी म्हणून मी घरी होते, बाबा कलमांवर मोहोराची फवारणी करून आलेले, हातपाय धुवायला पाणी काढत होते आणि माझ्या फोनवर मेसेजवर मेसेज यायला लागले. मी व्हिडिओ लावला आणि त्यात तो माणूस शांतपणे सांगतोय की माझ्यातली शक्ती संपत चालली आहे. मी रडले. बाबांना वाटलं कोणीतरी गेलं. त्यांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला की एका जर्मन माणसाने नोकरी सोडली आहे, पण एकदा समजल्यावर ते म्हणाले, "सांगून जातोय ना, मग चांगला माणूस आहे." मला ते वाक्य फार पटलं.

कारण बघा, त्याने चार महिने आधी सांगितलं. लोकांना निरोप द्यायला वेळ मिळाला. फेब्रुवारीत लीग कपच्या फायनलला निम्मी टीम जखमी, ज्यांची नावं आदल्या वर्षी कोणाला माहीत नव्हती अशा पोरांना घेऊन चेल्सीला हरवलं, एक्स्ट्रा टाइममध्ये व्हॅन डाइकचं हेडर. आणि १९ मेच्या शेवटच्या मॅचनंतर त्याने मैदानात उभं राहून पुढच्या कोचच्या, म्हणजे आर्ने स्लॉटच्या नावाचं गाणं स्वतः म्हटलं आणि सगळ्या स्टेडियमकडून म्हणवून घेतलं. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी अशी जागा करून द्यायची, हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

फातोर्डा_ईस्ट, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की चिडायचं की नाही हे तो कुठे गेला यावर नाही, कसा गेला यावर ठरतं.

रत्नांग्री_गनर
सुरंगीताई, भावना समजतात पण एक बाजू राहिली. जानेवारीत सांगितल्यामुळेच तुमचा सीझन ढेपाळला असं मला ठाम वाटतं. एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर अटलांटाकडून ०-३, मग पॅलेसकडून ०-१, मग एव्हर्टनकडे जाऊन ०-२. टायटलच्या शर्यतीत असलेली टीम एका महिन्यात बाहेर. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांना माहीत असेल की साहेब मे महिन्यात जाणार तर कुठेतरी ढिलाई येतेच. गुपचूप ठेवून मे मध्ये सांगितलं असतं तर कदाचित लीग जिंकून गेला असता.

सुरंगी
गनरदादा, ढिलाई नव्हती, पाय थकले होते. त्या सीझनला दुखापतींची यादी बघा एकदा. आणि लपवून ठेवलं असतं तर क्लबला नवीन माणूस शोधायला वेळ कुठून मिळाला असता? स्लॉटने पहिल्याच सीझनला लीग जिंकली, जवळपास त्याच टीमवर, विकत घेऊन लगेच वापरला असा मोठा खेळाडू फक्त किएसा आणि तोही बहुतेक बाकावरच होता. याचा अर्थ मागचा माणूस घर नीट लावून गेला होता.

मँचेस्टर_मालवण
"घर नीट लावून गेला" यावर एक युनायटेडवाला म्हणून बोलतो. आमचा मॅनेजर फर्ग्युसन २०१३ ला गेला तो चॅम्पियन म्हणून, ११ पॉइंटने लीग जिंकून, साडेसव्वीस वर्षांत तेरावं टायटल. ओल्ड ट्रॅफर्डवर माइक हातात घेऊन त्याने आम्हाला बजावलं की आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायचं. आम्ही राहिलो. पण टीम म्हातारी झाली होती, त्याच्या जागी आलेल्या मॉयसला सहा वर्षांचं काँट्रॅक्ट दिलेलं आणि दहा महिन्यांत घरी पाठवलं. फर्ग्युसनवर राग कोणालाच नाही, माझ्याही मनात नाही, मी त्याला देव मानतो. पण कधी कधी रात्री हरलेली मॅच बघून झोप येत नाही तेव्हा वाटतं की जाताना अजून दोनचार तरुण खेळाडू घेऊन ठेवले असते तर.

तुतारी_प्रवासी
कोणी म्हणो ना म्हणो, सगळ्यात वाईट वागणूक मॅनेजरकडून फॅनला नाही, क्लबकडून मॅनेजरला मिळते. इंग्लंडच्या लेस्टरचा मॅनेजर रानिएरी घ्या. ज्या टीमवर ५००० ला १ चा भाव होता ती २०१६ ला चॅम्पियन केली, आणि नऊ महिन्यांत नारळ दिला.

ब्लू_देवगड
चेल्सी. आमच्याकडे तर दर पावसाळ्याला नवीन मॅनेजर येतो त्यामुळे आमचं मन निबर झालंय असं सगळ्यांना वाटतं, पण तसं नाही. मोरिन्योचं सांगतो.

तीन लीग टायटल दिली त्याने आम्हाला, दोन खेपा मिळून. २०१५ ला काढला, म्हणजे लोबेरासारखीच केस, काढलं क्लबनेच. पुढच्या वर्षी तो युनायटेडला गेला आणि मार्च २०१७ ला एफए कपसाठी स्टॅमफर्ड ब्रिजला आला तेव्हा आमच्याच स्टँडमधून त्याला जुडास, म्हणजे विश्वासघातकी, म्हणून ओरडले. त्याने तीन बोटं वर केली. तीन टायटल. मी ती मॅच घरी पडवीत बसून बघत होतो, नेट सारखं अडकत होतं आणि नेमकं त्या तीन बोटांवर चित्र थांबलं, दोनतीन मिनिटं तसंच. मला तेव्हा आमच्या लोकांची लाज वाटली. माणूस आपल्यासाठी एवढं करून गेलाय, त्याला आपण हाकललाय, आणि आता शिव्या पण आपणच द्यायच्या?

त्यामुळे माझं मत मूळ धाग्याच्या बाजूने. काढलेल्या माणसावर हक्क संपतो.

रत्नांग्री_गनर
ब्लू, पॉटरचं पण सांगा की. तो तर तुम्ही ब्रायटनकडून उचलून आणलात, सप्टेंबर २०२२, सीझन सुरू झालेला, आणि सोबत त्याचा सगळा स्टाफ.

ब्लू_देवगड
सांगतो ना. दोन कोटी पौंडांच्या वर भरपाई मोजली. आणि ऑक्टोबरमध्येच ब्रायटनला गेलो तर त्यांच्या लोकांनी त्याला पूर्ण मॅचभर हुर्यो उडवली आणि ४-१ ने आम्हाला घरी पाठवलं. एप्रिलमध्ये पॉटरची नोकरी गेली. ब्रायटनवाल्यांचा राग मला समजतो, त्यांची टीम तेव्हा टेबलात चौथी होती, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मोठं दिसायला लागलं होतं आणि माणूस निघून गेला. पण त्यांनी डी झर्बी आणला आणि त्याच सीझनला सहावे येऊन पहिल्यांदा युरोपात गेले. त्या पैशाचं त्यांनी सोनं केलं.

मालवणी_फुलबॅक
म्हणजे पॉटर गेला हे ब्रायटनच्या पथ्यावरच पडलं. हुर्यो उडवण्याऐवजी त्याला एक पेटी हापूस पाठवायला हवी होती 😄

ब्लू_देवगड
देवगडची असेल तरच पाठवा.

रत्नांग्री_गनर
झालं, आता हापूसवर गाडी जाणार आणि रत्नागिरी-देवगड सुरू होणार. त्याआधी माझं बोलून घेतो.

आमच्या आर्सेनलचा वेंगर. २२ वर्षं. २००३-०४ ला एकही मॅच न हरता लीग. नवीन स्टेडियमचं कर्ज फेडायचं म्हणून दरवर्षी चांगला खेळाडू विकावा लागायचा आणि तरीही टीम पहिल्या चारात ठेवायचा, हे वर्षानुवर्षं. आणि शेवटच्या काही वर्षांत लोकांनी काय केलं? मॅच चालू असताना वरून विमान उडवून मागे "वेंगर चालते व्हा" अशा अर्थाचा बॅनर लावला. विमान! मग २०१८ ला जायचं ठरलं, शेवटच्या होम मॅचला बर्नलीला ५-० हरवलं आणि आमच्या स्टेडियममध्ये सगळ्यांना "मर्सी आर्सेन" लिहिलेले लाल टीशर्ट. २०२३ ला पुतळा. मला त्या टीशर्टांचा आनंद झाला नाही. माणूस समोर असताना विमानं उडवायची आणि पाठ फिरवल्यावर पुतळा उभा करायचा, हे मला कधीच जमलं नाही. मी रत्नागिरीत बसून तेव्हाही ग्रुपवर भांडत होतो आणि लोक मला जुनाट म्हणायचे.

तेव्हा मॅनेजर सोडून गेल्यावर फॅन कसे वागतात यापेक्षा तो असताना कसे वागले हे मी आधी बघतो.

तात्या_शिरोडा
तुम्हा पोरांचं वाचतोय सकाळपासून. बरं वाटलं. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं गोव्यात होतो, तेव्हा आयएसएल नव्हती, आमचा जीव गोव्याच्या धेंपो क्लबवर.

आमचा कोच अर्मांदो कोलासो हे नाव नवीन पिढीने किती ऐकलंय माहीत नाही. धेंपोला पाच वेळा देशाची लीग जिंकून दिली, दोन वेळा जुन्या नॅशनल लीगच्या काळात आणि तीन वेळा तिच्या जागी आलेली आय-लीग. बहुतेक टीम गोव्याच्याच पोरांची. मैदानाबाहेर उभा राहून कोंकणीतून पोरांना झापायचा, ते आम्हाला स्टँडमध्ये ऐकू यायचं आणि आम्ही हसायचो, कारण शब्द न शब्द कळायचा. तो २०१३ ला धेंपोतून बाहेर पडला आणि पुढे कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेला. ईस्ट बंगाल म्हणजे आमचे पक्के वैरी. पण आमच्यातल्या कोणी एक शब्द वाईट बोलल्याचं मला आठवत नाही. उलट दुपारी बाजारात माणसं एकमेकांना विचारायची, अर्मांदोची टीम काल जिंकली का? त्याला द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा मी घरात पेढे आणले.

आणि अजून एक सांगतो, तुम्ही मॅनेजर गेला म्हणून दुःख करताय. आमचे २०१६ ला क्लबच गेले. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. कोच गेला तर दुसरा येतो, क्लबने दुकान बंद केलं तर रविवारी संध्याकाळी जायचं कुठे? धेंपो २०२४ ला परत आय-लीगमध्ये आला त्याचा मला आनंद शब्दात सांगता यायचा नाही.

फातोर्डा_ईस्ट
तात्या, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. पण मग हेच विचारतो, कोलासोवर राग का आला नाही? तोच न्याय लोबेराला का नाही? परका म्हणून?

तात्या_शिरोडा
परका म्हणून असं मी म्हणणार नाही. अर्मांदोने आम्हाला सगळं देऊन झालं होतं. लोबेराचं अर्ध्यावर तोडलं गेलं. शील्ड उचलताना तो असता तर तुम्ही पोरांनी त्याला मुंबईला सुद्धा हसत पाठवला असता. अपुरं राहिलेलं माणसाला छळतं, आणि मग ते कोणावर तरी काढावं लागतं.

मैदान_मास्तरीण
मी इथे फक्त वाचायला येते, पण तात्यांचं "अर्ध्यावर तोडलं गेलं" वाचून लिहावंसं वाटलं. मोठ्या क्लबचं नाही, आमच्या शाळेचं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, गाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एक सर आले कोल्हापूरचे. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलवेडं शहर, तालमींच्या टीम, शाहू स्टेडियमवर गर्दी, हे सगळं त्यांच्या बोलण्यात सतत. आमच्याकडे पोरं क्रिकेट नाहीतर कबड्डी. सरांनी स्वतःच्या पैशाने दोन बॉल आणले. मैदान नाही म्हणून सड्यावर खेळ, पण तिथल्या कातळाने बॉलची कातडी आठवड्यात सोलून निघायची, मग भात कापून झाल्यावर मळ्यात. गोलाचे खांब म्हणून पोफळीचे ओंडके रोवले. मुलींची टीम केली, हे विशेष. पाचवी ते सातवीच्या पोरी अनवाणी खेळायच्या. पालक सुरुवातीला कुरकुरले, मग तेच बांधावर बसून ओरडायला लागले.

आणि आंतरजिल्हा बदलीत सरांना त्यांचा जिल्हा मिळाला. कोकणात शिकवणाऱ्या घाटावरच्या शिक्षकांना हे सगळ्यांना माहीत आहे, घरी म्हातारे आईवडील, बायको तिकडे, वर्षानुवर्षं अर्ज करतात, मिळालं की जायलाच हवं. आम्ही शिक्षक मंडळींनी अभिनंदन केलं. पण पोरी! टीमची गोलकीपर, सहावीतली, निरोप समारंभाला आलीच नाही. सरांनी घरी जाऊन भेटायचा प्रयत्न केला तर ती मागल्या दाराने आगरात पळाली. तिच्या आईने मला सांगितलं, ती म्हणते सरांनी आम्हाला जिल्ह्याला नेणार सांगितलं होतं. बस एवढंच. मोठ्या माणसाची कारणं तिला कळत नव्हती असं नाही, कळत होती. पण शब्द दिला होता.

सर अजून फोन करतात. पोरींनी टीम चालू ठेवली आहे, मी शिट्टी घेऊन उभी राहते, नियम शिकतेय.

सुरंगी
मास्तरीणबाई, डोळ्यात पाणी आलं. त्या गोलकीपरचं काय झालं मग? बोलली का सरांशी?

मैदान_मास्तरीण
वर्षभराने बोलली. फोनवर पहिलं वाक्य, "सर, मी पेनल्टी अडवली." आता हायस्कूलला आहे, तिथे टीम नाही, म्हणून शनिवारी आमच्याकडे येते लहान पोरींना शिकवायला.

बांद्याचो_बाबू
ह्या सगळ्यात भारी. बाईनू, तुमका नमस्कार. बॉल होये असतीत तर सांगा, आमी बांद्यातली चार पोरां मिळान धाडतो.

फातोर्डा_ईस्ट
मीही आहे त्यात. बाई, मेसेज करतो तुम्हाला.

मालवणी_फुलबॅक
माझेही धरा.

सेल्टिक_साखरतर
विषयाला धरून एक, कारण भर सीझनमध्ये जाण्याचं याच्याइतकं मोठं उदाहरण दुसरं नाही. ब्रेंडन रॉजर्स, स्कॉटलंडच्या सेल्टिकचा मॅनेजर. फेब्रुवारी २०१९. टीम लागोपाठ तिसऱ्या वर्षी तिन्ही ट्रॉफी जिंकायच्या वाटेवर, तोवर कोणाला न जमलेलं, आणि हा सोडून लेस्टरला गेला. दुसऱ्याच दिवशीच्या मॅचला लोकांनी बॅनर लावला, अमरत्व सोडून सामान्यपणा पत्करलास, तू आमचा कधीच नव्हतास, अशा अर्थाचा. नील लेननने येऊन ते तिहेरी पूर्ण केलं.

आणि हाच रॉजर्स २०२३ ला परत आला! लोकांनी आधी तोंडं फिरवली, मग लीग आणि कप जिंकल्यावर गाणी म्हटली. मग ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सीझनच्या मध्येच राजीनामा. मी रत्नागिरीजवळ राहून सेल्टिक का बघतो ते सोडा, पण या माणसाने मला दोनदा दुखावलंय, आणि दोन्ही वेळा सीझन संपायच्या आत. बाकी कारणं काहीही असोत, मे महिन्यापर्यंत थांबता येतं ना?

बांद्याचो_बाबू
आता कसो बोललस! आमच्याकडे दशावतारात बघा. नावाजलेलो राजपार्टी (राजाचा काम करणारो) दसऱ्याआधी कंपनी बदलता, कोणाक काय वाटना नाय, मानधन जास्त भेटला, गेलो, लोक नवीन कंपनीचो नाटक बघूक पन जातत. पन जत्रांचो सीझन सुरू झालो, मालकान नारळ घेतले, तारखो दिले, आणि मध्येच रंगपटातसून उठान दुसऱ्या कंपनीत गेलो तर? गावोगाव नाव जाता तेचा. फेरांडो तसोच गेलो. लोबेरा तसो गेलो नाय, तेका मालकान काढल्यान. फातोर्डा, माझो राग आता निम्मो झालो हा. जाहूचो निम्मो रवलो.

फातोर्डा_ईस्ट
बाबू, हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय! फेरांडोचं मला आजही खुपतं. २०२१ च्याच एप्रिलमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीग आपल्या फातोर्ड्याला झाली, लाराँ ब्लाँच्या अल रय्यानला ०-०, अल वहदाला ०-०, पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने गोल मारला, त्या स्पर्धेच्या ग्रुप स्टेजमधला भारतीय क्लबचा पहिला. धीरजने काय अडवलं होतं त्या दिवसांत! मग ऑक्टोबरमध्ये ड्युरंड कप. आम्हाला वाटलं हा आता राहणार. सीझनची सुरुवात वाईट झाली, पहिल्या तीन हरलो, आणि माणूस डिसेंबरात गेला. त्याच महिन्यात आमच्याविरुद्ध मोहन बागानच्या बाकावर उभा, २-१ ने जिंकला. कोविडमुळे स्टेडियम रिकामं, हुर्यो उडवायला सुद्धा कोणी नाही. डेरिक परेराने गाडा ओढला पण नववे आलो.

चाकरमानी_डोंबिवली
मग आता माझी केस ऐका आणि सांगा. आमचा कोच डेस बकिंगहॅम. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुप स्टेजमध्ये भारतीय क्लबला पहिला विजय मिळवून दिला, २०२२ ला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१. २०२३ ला शील्ड. आणि नोव्हेंबर २०२३ ला भर सीझनमध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेला. बाबूच्या हिशोबाने तो पण दोषी. पण मला राग आलाच नाही. का? ऑक्सफर्ड त्याचं गाव. तिथेच वाढला, त्याच क्लबमध्ये पोरगा असताना शिकला. गावचं बोलावणं आल्यावर कोकणातला माणूस दुसऱ्याला थांब म्हणेल का? आम्ही तर चार दिवसांच्या शिमग्यासाठी नोकरीवर पाणी सोडतो. मे मध्ये त्याने ऑक्सफर्डला वेंब्लीवर प्रमोशन मिळवून दिलं आणि त्याच महिन्यात नव्या कोच क्रॅट्कीच्या हाताखाली आम्ही कोलकात्यात सॉल्ट लेकला मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला. दोन्हीकडे आनंद.

रत्नांग्री_गनर
बाबूंचा नियम मला मान्य आहे पण चाकरमानींचा अपवादही मान्य करावा लागेल.

तुतारी_प्रवासी
आणि काहीच न जिंकता लोकांच्या काळजात राहिलेला एक विसरलात. इव्हान वुकोमानोविच, केरळ ब्लास्टर्सचा कोच. माझ्या ऑफिसात दोघे मल्याळी आहेत, त्याला ते नावाने हाक मारत नाहीत, "आशान" म्हणतात. २०२२ च्या फायनलला मडगावात पिवळंच पिवळं झालं होतं, पेनल्टीवर हैदराबादकडून हरले. पुढच्या वर्षी बंगळुरूच्या छेत्रीच्या वादग्रस्त फ्री किकवरून टीम घेऊन मैदानाबाहेर निघून गेला, दहा मॅचची बंदी, क्लबला चार कोटी दंड. आणि तरी २०२४ ला तो गेला तेव्हा ते दोघे दोन दिवस जेवायला एकत्र बसले नाहीत, एक म्हणायचा क्लबने घालवला, दुसरा म्हणायचा तो थकला. ट्रॉफीचा याच्याशी काही संबंध नसतो.

मालवणी_फुलबॅक
थोडं अवांतर, फातोर्ड्याला मॅच संपल्यावर परत यायला तुम्ही लोक काय करता? रात्रीची गाडी मिळत नाही मला कधी.

फातोर्डा_ईस्ट
आम्ही बाइक किंवा भाड्याने गाडी, पत्रादेवीमार्गे. निघताना मडगावात गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्ल्याशिवाय नाही. पुढच्या वेळी कळवा, जागा असते.

सुरंगी
परत विषयाकडे. क्लॉप रेड बुलला गेला त्याबद्दल कोणी मला टोचलं नाही याचं आश्चर्य वाटतंय 🙂 मीच सांगते. ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झालं की तो रेड बुल या एनर्जी ड्रिंक कंपनीच्या सगळ्या क्लबांचं फुटबॉल बघणार. लिव्हरपूलवाल्यांना फार फरक पडला नाही. पण त्याच्या आधीच्या जर्मन क्लबांच्या, माइन्झ आणि डॉर्टमुंडच्या, लोकांना लागलं, माइन्झच्या स्टँडमध्ये बॅनर लागले. कारण जर्मनीत क्लब सभासदांचा असावा हे ते लोक मनापासून मानतात आणि रेड बुलने ती वाट वाकवली असं त्यांचं म्हणणं. त्यांचा हा राग मला योग्य वाटतो. त्याने क्लब सोडून बरीच वर्षं झाली होती, टीम बदलली म्हणून ते चिडले नाहीत, ज्या गोष्टीसाठी त्याच्यावर प्रेम केलं तीच त्याने सोडली असं त्यांना वाटलं.

ब्लू_देवगड
म्हणजे क्लब सोडून वर्षं झाली तरी हक्क राहतो? मग मी मघाशी जे म्हटलं की हक्क संपतो, त्याचं काय?

सुरंगी
काढलेल्यावर संपतो, स्वतः प्रेम मागून घेतलेल्यावर राहतो. क्लॉप लोकांकडे जाऊन, छातीवर हात मारून, त्यांच्यातला होऊन राहिला. पॉटर तसा नव्हता, त्याने काम केलं आणि गेला.

तात्या_शिरोडा
सुरंगी, हे मला पटलं नाही बाळा. प्रेम कोणी मागून घेत नाही, आपण देतो. दिलेल्याची पावती मागू नये. माइन्झच्या लोकांना वाईट वाटलं हे ठीक, वाईट वाटायला कोणाची परवानगी लागत नाही, पण बॅनर लावून त्या माणसाला जाब विचारायचा म्हणजे फार झालं.

रत्नांग्री_गनर
तात्या, जाब विचारायलाच हवा. फॅनकडे दुसरं काय आहे? मालक विकतो, खेळाडू जातो, मॅनेजर जातो, लीग बंद पडते, तिकीट काढून आपणच तिथे उभे. बोलायचं पण नाही?

तात्या_शिरोडा
बोल की. पण मालकाशी बोल. अर्मांदोच्या वेळी, आमचे क्लब लीगमधून गेले त्या वेळी, लोबेराला काढलं त्या वेळी, निर्णय ऑफिसात बसलेल्या लोकांनी घेतले. त्यांच्या नावाचा बॅनर मी अजून एका मैदानावर पाहिला नाही. बाकावर उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर असतो म्हणून शिव्या त्याला.

फातोर्डा_ईस्ट
तात्या, यावर मी पूर्ण तुमच्याबरोबर, लोबेरापुरता. तो पुढे कुठल्याही टीमकडून फातोर्ड्याला आला तरी मी उभं राहून टाळ्या वाजवणार, शेजारच्याला काय वाटायचं ते वाटो. फेरांडोला नाही वाजवणार. त्याला कोणी काढलं नव्हतं, गावचंही बोलावणं नव्हतं, आणि सीझन अर्धाही झाला नव्हता.

बांद्याचो_बाबू
टाळयो तू वाजव लोबेराक. मी जाहूक हुर्यो घालतलंय. दोघाय एकाच गाडयेन जावया.